न धाडलेली पत्रं

पुण्याहून रेल्वेनं नगरला जायचं तर दौंडवरून जावं लागतं. 9 ऑगस्ट 1942 रोजी एक खास गाडी याच रुळांवरून गेली. आदल्या रात्री मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव मंजूर झाला होता आणि पहाट व्हायच्या आत धरपकड सुरू झाली होती. काँग्रेसच्या जवळजवळ सगळ्या वरिष्ठ नेत्यांना एकाच गाडीत बसवलं होतं. गाडी कुठे चालली आहे, हे सरकारनं जाहीर केलं नव्हतं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसकडे नेलं. पुणे स्टेशनात लोक जमले होते, त्यांच्यावर लाठ्या चालवायची तयारी दिसली तशी जवाहरलाल नेहरूंनी डब्याच्या खिडकीतून फलाटावर उडी मारली. शंकरराव देव त्यांच्या पाठोपाठ गेले, त्यांना पोलिसांनी उचलून परत गाडीत आणून ठेवलं. मग गाडी दौंडला वळली, भीमेचा पूल ओलांडून दुपारी नगरला पोचली.

नगरच्या भुईकोट किल्ल्यात त्या दिवशी बारा माणसं आत गेली. मौलाना अबुल कलाम आझाद, नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, सय्यद महमूद, कृपलानी, शंकरराव देव, पट्टाभि सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, आचार्य नरेंद्र देव आणि हरेकृष्ण महताब. आझाद त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष होते.

कवठे येमाईहून नगर काही लांब नाही. शिरूरला यायचं, घोडनदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, आणि पुढे सरळ नगर रस्ता. कवठ्याचं माणूस कोर्टकचेरीला पुण्याला जातं, पण दवाखान्याला, बाजाराला, सोयरिकीला नगरकडे वळतं. मीही कितीदा गेलो असेन. किल्ल्यासमोरून जाताना शाळेत शिकवलेलं एकच वाक्य आठवायचं, की ‘नेहरूंनी इथे डिस्कव्हरी ऑफ इंडिया लिहिलं’. ते खरंच आहे, 1944 च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत लिहिलं. पण त्याच किल्ल्यात, काही खोल्या सोडून, आणखी एक पुस्तक लिहिलं गेलं आणि त्याचं नाव मी फार उशिरा ऐकलं. ‘गुबार-ए-खातिर’, आझादांचं. उर्दूत आहे म्हणून आपल्याकडे ते मागे पडलं असावं. किल्ल्यातल्या कैदेत माणसाचं मन कसं चालतं, हे मात्र मला नेहरूंच्या पुस्तकापेक्षा यात जास्त सापडलं.

पुस्तक पत्रांचं आहे. पत्रं लिहिलीत अलीगढजवळच्या भिकमपूरचे मौलाना हबीबुर रहमान खान शेरवानी या स्नेह्याला. शेरवानी राजकारणातले नव्हेत, विद्येतले. पण ही पत्रं पाठवलीच नाहीत. सुरुवातीला तर बाहेरच्या जगाशी पत्रव्यवहारच बंद होता, वर्तमानपत्रही मिळत नव्हतं. पुढे थोडी मोकळीक मिळाली, तरी आझाद ही पत्रं लिहून बाजूला ठेवत राहिले. उत्तर येणार नाही हे ठाऊक असताना लिहिलेली पत्रं. पुस्तक 1946 मध्ये छापून आलं.

आझादांचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू व्हायचा. स्वतः चहा करायचे. चिनी चहा, ‘व्हाईट जस्मिन’ नावाचा, दुधाशिवाय. दूध-साखरेच्या चहाला ते चहा मानतच नसत, आणि हिंदुस्थानला ही वाईट खोड इंग्रजांनी लावली असं त्यांचं मत होतं. (आमच्याकडच्या उकळून लाल केलेल्या चहाबद्दल ते काय म्हणाले असते, याचा विचार न केलेला बरा.) बाकीचे झोपलेले, हातात तो फिका चहा, आणि समोर कागद. या पहाटेच्या दोन-तीन तासांवर सरकारचा ताबा नव्हता. आल्या-आल्याच त्यांनी एक हिशेब मांडला होता. तोवरच्या सगळ्या कैदा आणि नजरकैदा मिळून सात वर्षं आठ महिने होत होते, म्हणजे आयुष्याचा सातवा हिस्सा. सहा दिवस कामाचे आणि सातवा विश्रांतीचा, अशी जुन्या धर्मग्रंथातली व्यवस्था आपल्याला सरकारनं लावून दिली, असा त्याचा अर्थ त्यांनी काढला.

हा विनोद नुसता विनोद नाही. सुरुवातीच्या पत्रांत आझाद एक मुद्दा वारंवार मांडतात. तुरुंगातही सकाळ होते, चांदणं पडतं, सूर्य भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या माणसात फरक करत नाही. तेव्हा आनंदी राहणं ही परिस्थितीनं द्यायची गोष्ट नव्हे, ती आपली जबाबदारी आहे, कारण आपला उतरलेला चेहरा शेजारच्याच्या दिवसावर सावली टाकतो. बारा माणसं एकाच अंगणात, एकाच जेवणाच्या टेबलावर दिवसच्या दिवस काढत असताना याला फार व्यवहारी अर्थ होता. त्या अंगणात नेहरूंनी खणून फुलझाडं लावली. खणताना जुन्या बांधकामाचे अवशेष लागायचे, पण अधिकाऱ्यांना खोल खणणं पसंत नव्हतं. किल्ल्याच्या अधीक्षकाला कैद्यांनी ‘चीता खान’ हे नाव ठेवलं होतं. चांदबीबीच्या काळातला एक हबशी सरदार या नावाचा होता. सातारा-सांगलीतल्या बेचाळीसच्या कैद्यांच्या आठवणी वाचल्या की तुरुंग म्हणजे मारहाण, कोंडवाडा, कदान्न हे समोर येतं. नगरच्या किल्ल्यात तसं नव्हतं, हेही सांगायला हवं. हे बडे कैदी होते, पुस्तकं होती, आचारी होता. त्यांचं दुःख निराळ्या वाटेनं आत आलं.

ते येण्याआधी एक चिमण्यांची गोष्ट आहे. 1943 च्या मार्चमधली. आझादांच्या खोलीत चिमण्यांनी घरटी बांधायला घेतली. काड्या, कचरा, सतत चिवचिव. आझादांनी आधी बांबू घेऊन लढाई केली. चिमण्या उडायच्या आणि परत यायच्या. शेवटी त्यांनी हार मानली आणि तहाची बोलणी सुरू केली, म्हणजे तांदळाचे दाणे टाकायला लागले. आधी लांब, मग रोज थोडे जवळ, शेवटी तळहातावर. एकीचं नाव मोती ठेवलं, एकाचं कलंदर, एकाचं मुल्ला. मोतीचं एक पिल्लू उडायला तयार होईना. जमिनीवर पडून राहिलं, डोळे मिटलेले, जवळजवळ मेल्यासारखं. आई येऊन टोचायची, ते हलायचं नाही. आणि एके क्षणी त्याला काय झालं कोण जाणे, ते एकदम पंख पसरून वर गेलं. आझाद लिहितात की पंख तेच होते, हवा तीच होती, ताकदही आधीपासून होती. फक्त आपण उडणारा जीव आहोत, हे त्याला आतून कळलं नव्हतं.

कैदेत बसलेल्या माणसानं हे लिहावं म्हणजे त्याचा अर्थ उघड आहे, आणि आझाद तो दडवतही नाहीत. मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला हा प्रसंग जरा जास्तच नेटका वाटला. दाखला म्हणून बसवल्यासारखा. पण पुढच्याच महिन्यातलं पत्र वाचल्यावर या चिमण्यांकडे पुन्हा परत यावं लागलं.

त्यांच्या पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या. जुलैच्या अखेरीस आझाद कलकत्त्यात चार दिवस होते, पण ते दिवस कामात गेले. मोठ्या गोष्टीची जुळवाजुळव चालू असली की त्यांना मध्ये कुणी बोललेलं खपत नाही, हा स्वभाव जुलेखा बेगमना ठाऊक होता, म्हणून त्याही गप्प राहिल्या. 3 ऑगस्टला ते मुंबईला निघाले. त्या दारापर्यंत आल्या, ‘खुदा हाफिज’ म्हणाल्या. पत्रात आझाद तो चेहरा पुन्हा पुन्हा पाहतात. डोळे कोरडे होते, पण चेहरा रडत होता, असं त्यांना नंतर जाणवलं. ही अखेरची भेट ठरेल, याचा अंदाज बहुधा तिला आला होता, मला नाही, असा त्यांचा सूर आहे.

मार्च 1943 च्या शेवटच्या आठवड्यात आजार वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या. अधीक्षक स्वतः येऊन म्हणाला, सरकारला काही कळवायचं असेल तर ताबडतोब मुंबईला पोचवतो, इथल्या कुठल्याही नियमाची आडकाठी येणार नाही. त्याला खरंच वाईट वाटत होतं. आझादांनी सांगितलं, मला सरकारकडे काहीही मागायचं नाही. मग तो नेहरूंकडे गेला. नेहरू दुपारी आझादांच्या खोलीत येऊन बराच वेळ बोलले. उत्तर तेच.

आणि इथे ते लिहितात ते मला या सबंध पुस्तकातलं सगळ्यात धाडसाचं वाटतं. बातमी आल्या क्षणी आपल्या मनाची स्थिरता हलली, आता तिला जागेवर ठेवायला झगडावं लागणार, हे त्यांनी ओळखलं. तो झगडा मनाला थकवत नाही, शरीराला थकवतो, ते आतल्या आत विरघळू लागतं, असं ते म्हणतात. रोजचा क्रम त्यांनी बदलू दिला नाही. वर्तमानपत्र घेऊन अधीक्षकाची पावलं वाजू लागली की छातीत धडधड सुरू व्हायची, आज काय बातमी असेल. पण त्यांची बैठक अशी होती की पाठ दाराकडे असायची, माणूस आत येऊन समोर उभा राहीपर्यंत त्याला चेहरा दिसत नसे. तो समोर आला की आझाद नेहमीसारखं हसायचे, वर्तमानपत्र टेबलावर ठेव अशी खूण करायचे आणि पुन्हा लिहायला लागायचे, जणू ते उघडायची काही घाईच नाही. हे सांगून झाल्यावर ते सरळ कबुली देतात की हा सगळा देखावा होता. आपल्या मनाचा अहंकार एक भूमिका वठवत होता, आणि ती एवढ्यासाठी की धीराच्या वस्त्रावर अस्वस्थतेचा डाग कुणाला दिसू नये.

मोठ्या माणसांच्या धीरोदात्तपणाच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांतला माणूस स्वतःच सांगतो आहे की ते सोंग होतं, हे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

पण सोंग म्हणजे खोटं, असं मानायला मी तयार नाही, आणि त्याचं कारण माझं गाव आहे. कवठे येमाई हे तमाशाचं गाव. गंगाराम कवठेकरांसारखे तमासगीर इथले, आणि तमाशासाठी गाणी नि वगनाट्यं लिहिण्यात आयुष्य घालवलेले बशीर मोमीन कवठेकरही इथलेच. ज्या विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा राज्य सरकारचा जीवनगौरव पुरस्कार मोमीनांना मिळाला, त्या विठाबाईंची एक गोष्ट आमच्या भागात प्रत्येकाला माहीत असते. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, मध्येच आत जाऊन बाळंत झाल्या आणि खेळ पुरा करायला परत बोर्डावर उभ्या राहिल्या. ही गोष्ट सांगताना कुणी असं म्हणत नाही की विठाबाईंना वेदना झाल्या नाहीत. कुणी असंही म्हणत नाही की त्यांचा नाच खोटा होता. सुतकात असलेला सोंगाड्या प्रेक्षकाला हसवतो, तेव्हा त्या हसवण्यात फसवणूक नसते. माझ्यातला कुठला भाग दुःखाला द्यायचा आणि कुठला द्यायचा नाही, हे मी ठरवीन, एवढंच त्यात असतं. घुंगरू बांधून उभं राहण्यामागे पोटाची सक्ती असते, हे खरं, आणि आझादांना ती नव्हती. तरी वर्तमानपत्र टेबलावर ठेवायला सांगणारा तो हात मला बोर्डावरचा वाटतो. ते स्वतः त्याला अहंकार म्हणतात. मी त्यांच्याइतका कठोर होणार नाही.

9 एप्रिलला दुपारी अधीक्षकानं तार आणून दिली. पत्र 11 एप्रिलचं आहे. छत्तीस वर्षांचा संसार संपला, आता मधे मृत्यूची भिंत उभी राहिली, अशा आशयाची दोन वाक्यं, आणि फारसा आक्रोश नाही. तीनेक महिन्यांनी भोपाळला त्यांची बहीण आबरू बेगम यांचंही निधन झालं.

मराठी वाचकाला इथे मंडाले आठवेल. टिळक तिथे सहा वर्षं होते. 1910 च्या नोव्हेंबरपासून पुढच्या मार्चपर्यंत त्यांनी गीतारहस्याचा खर्डा पेन्सिलीनं लिहून काढला. कर्म करावं, फळावर मन ठेवू नये, सुखदुःखात समबुद्धी राखावी, याचा एवढा मोठा ऊहापोह करून झाल्यावर, 1912 च्या जूनमध्ये पुण्यात सत्यभामाबाई गेल्या. तार मंडालेला पोचली. संकटं शांतपणे घ्यायची मला सवय आहे, पण या बातमीनं मी चांगलाच हादरलो, असं टिळकांनी भाचे धोंडोपंत विद्वांस यांना कळवलं. गीतारहस्याच्या शेकडो पानांइतकीच ही एक ओळ मला मोलाची वाटते. आगाखान पॅलेसमध्ये तर तुरुंगाच्या आतच मृत्यू झाले. कैदेच्या सातव्या दिवशी, 15 ऑगस्ट 1942 ला महादेवभाई देसाई, आणि 22 फेब्रुवारी 1944 ला कस्तुरबा. गांधीजी निदान उशाशी होते.

आझादांना उशाशी जाता आलं असतं का? मागितलं असतं तर सरकारनं परवानगी दिली असती, असं खात्रीनं म्हणता येत नाही. पण त्यांनी मागितलंच नाही. आणि इथे मी अडखळतो. न मागण्यात स्वातंत्र्य आहे, हे समजतं. ज्या सत्तेला तुम्ही देशातून जा म्हणून सांगितलं, तिच्याकडे घरच्या कारणासाठी हात पसरायचा नाही. अध्यक्षानं पसरला तर त्याचा अर्थ एकट्याच्या दुःखापुरता राहत नाही. 1944 च्या ऑक्टोबरात सय्यद महमूद एकटेच सुटले. त्यांनी व्हाइसरॉयला पत्र लिहून आपण या ठरावाच्या विरोधात होतो असं कळवलं होतं, हे मागाहून उघड झालं तेव्हा सोबत्यांना केवढी शरम वाटली, हे आझादांनी आत्मकथनात लिहिलं आहे. हे सगळं बरोबर. पण त्या स्वातंत्र्याची किंमत कलकत्त्यातल्या एका खाटेवर पडलेल्या बाईनंही दिली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं.

की विचारायची गरज नव्हती? जुलेखा बेगमचं स्वतःचं म्हणावं असं फार थोडं उरलं आहे. एक तार उरली आहे. 1922 मध्ये आझादांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा त्यांनी गांधीजींना तार केली होती. शिक्षा आमच्या अपेक्षेपेक्षा आश्चर्य वाटावं इतकी कमी आहे, आणि बंगालच्या खिलाफत समितीचं त्यांचं काम आता मी सांभाळीन, असा तिचा आशय. ही तार वाचली की दारात ‘खुदा हाफिज’ म्हणणारी बाई वेगळी दिसू लागते. ती गप्प राहिली ती फक्त नवऱ्याच्या स्वभावाला भिऊन नव्हे. पण ही तार एकवीस वर्षांपूर्वीची, धडधाकट असतानाची. शेवटच्या आठवड्यात तिला काय वाटलं, ते कुठल्याच कागदावर नाही. आझादांचं पत्र मी जितक्यांदा वाचतो तितक्यांदा मला वाटतं, की त्यांनाही हे रितेपण टोचतं आहे. नाही तर चार दिवसांच्या न झालेल्या बोलण्याचा तपशील त्यांनी इतका लावून धरला नसता.

या पत्राच्या अखेरीस ते अंगणातल्या एका जुन्या कबरीकडे वळतात. कुणाची, कुणाला ठाऊक नाही. आल्यापासून शेकडो वेळा ती नजरेखालून गेली होती. आता तिच्याकडे पाहिलं की काहीतरी नातं लागतं, असं ते म्हणतात. आदल्या संध्याकाळी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले, आणि मुतम्मिम इब्न नुवैरा या जुन्या अरबी कवीनं आपल्या भावाच्या मरणावर रचलेला विलाप त्यांना आठवला. भावाच्या शोकात जी दिसेल ती कबर ज्याला भावाचीच वाटायची, तो हा कवी. ज्या किल्ल्यात निजामशाही झाली, 1803 मध्ये वेलस्ली आला, पुढे बोअर आणि जर्मन युद्धकैदी राहिले, तिथल्या एका बेवारस कबरीपाशी कलकत्त्याच्या बाईचं सुतक धरलं गेलं.

त्यानंतरही पहाटेचा चहा चालू राहिला. सप्टेंबरात त्यांनी संगीतावर एक लांबलचक पत्र लिहिलं. तरुणपणी सतार शिकल्याचं, चांदण्या रात्री ताजमहालाच्या गच्चीवर सतार घेऊन बसल्याचं त्यात आहे. हे वाचून काहींना वाटेल, विसरला माणूस. मला तसं वाटत नाही. एप्रिलपर्यंत ते सोंग होतं असं धरलं, तर सप्टेंबरात त्याचं काय झालं होतं, ते मला त्या पत्रावरून ठरवता येत नाही. एवढंच दिसतं, की पत्रात सतार मनापासून वाजते आहे. शरीरानं मात्र हिशेब चुकता केला. कैद संपेपर्यंत त्यांचं वजन सुमारे 40 पौंड उतरलं होतं.

1945 च्या वसंतात किल्ला रिकामा करण्यात आला. नेहरूंनी आपलं पुस्तक अर्पण केलं ते किल्ल्यातल्या सोबत्यांना. आझादांना बंगालमध्ये बांकुऱ्याला हलवलं, आणि जूनमध्ये तिथून सोडलं. कलकत्त्याला हावडा स्टेशनवर प्रचंड गर्दी लोटली होती. बँड वाजत होता. ही आनंदाची वेळ नव्हे, तो थांबवा, असं त्यांनी सांगितलं. तीन वर्षांपूर्वी निघताना दाराशी आलेली बाई त्यांच्या डोळ्यांपुढे होती. घराकडे जाण्याआधी त्यांनी गाडी तिच्या कबरीकडे न्यायला लावली. गाडीत लोकांनी घातलेल्या हारांचा ढीग पडला होता. त्यातला एक हार उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि फातिहा म्हटला.